पत्र्यातली चार भोकं

१२ फेब्रुवारी, मंगळवार

…मग पाण्याची मोटर बंद केली, दुधाखालचा गॅस बारीक केला आणि यांच्या निळ्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. सुईत दोरा जाईना. चष्मा शोधत होते तेवढ्यात मागच्या दारातून हे ओरडले, "माझी स्टीलची स्केल कुठाय?" मी म्हटलं, "जिथे असते तिथे." मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. हे शेडवर गेले. दुपारी यांच्या मित्राचा, वेल्डरभाऊजींचा फोन आला, हे चक्कर येऊन पडलेत, दवाखान्यात नेतोय. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. बटण अजून डबीत आहे.

ती सकाळ मला अशी मधूनच आठवते, मोटर बंद करण्यापासून. त्याच्या आधी काय केलं ते आठवत नाही. लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच.

ही डायरी बारकीने आणून दिली. म्हणाली, "माझ्याशी बोलत नाहीस, निदान वहीशी बोल. आणि समोर कुणीतरी परकं माणूस बसलंय असं समजून लिही, म्हणजे अर्धवट सोडणार नाहीस." तर परक्या माणसा, बारकी म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. नाव बारकी, उंची बापापेक्षा दोन बोटं जास्त. इथल्या छोट्या धावपट्टीवर ती लोकांना विमान चालवायला शिकवते.

आणि आमच्या घरात एक विमान आहे. घरात म्हणजे आता धावपट्टीच्या कडेच्या शेडमध्ये, पण त्याचे पंख आमच्या मागच्या खोलीत तयार झाले. दोन माणसांचं आहे. यांचं जळक्या मोटरी पुन्हा गुंडाळून देण्याचं दुकान होतं. कॉइल मी गुंडाळायची, बाकी सगळं हे. दुकानातून आले की हे विमानाला लागायचे. लोक बाग करतात, हे विमान करत होते.

सगळं झालंय. राहिलाय तो रेग्युलेटर.

इंजिन फिरलं की त्याच्यावरचा अल्टरनेटर वीज तयार करतो. इंजिन जितकं जोरात, तितकी वीज जास्त. त्याला पोच नाही, कुणी मागो न मागो, देत सुटतो. बॅटरीला हवे असतात चौदाच्या आसपास व्होल्ट. जास्त गेले तर ती उकळते, कमी गेले तर रिकामी होते. मध्ये बसून आवरायचं काम रेग्युलेटरचं. दुधाखालचा गॅस बारीक करणारा हात समजा. आणि या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर चालते, त्यामुळे बॅटरी गेली की इंजिन गेलं. गाडी बंद पडली तर माणूस कडेला घेतो. आभाळात कडेला कुठे घेणार?

पहिल्यांदा बारकी वर नेणार आहे. एकटी.

कुठला रेग्युलेटर घ्यायचा ते यांनी सांगून ठेवलेलं नाही. पण आज शेडमध्ये गेले तर मला दिसलं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये एक पत्रा असतो, इंजिनाला आग लागली तर ती माणसापर्यंत येऊ नये म्हणून. त्या पत्र्यावर उजवीकडे खाली चार भोकं पाडलेली आहेत. रिकामी. बाकी पत्र्यावर एक भोक रिकामं नाही. म्हणजे रेग्युलेटरची जागा यांनी ठरवलेली होती. त्या भोकांत बसतो तो रेग्युलेटर शोधायचा, एवढंच माझं काम.

बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

भोकांचं माप घेतलं. यांची स्केल दाराशेजारच्या खिळ्याला होती. ती घेतली नाही. पत्र्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली, भोकं उमटली. कागद घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेले.

दुकानदार कागद उलटा धरून बघत होता. मी सुलटा करून दिला.

"काकू, हे काय आहे?"

"रेग्युलेटर. या मापाचा."

"रेग्युलेटर काय ब्लाउज आहे का, मापावर घ्यायला? किती ॲम्पियरचा? इंजिन कुठलं?"

इंजिन सांगितलं, ॲम्पियर सांगितले. मग तो जरा नीट बोलायला लागला. तीन जातींचे दाखवले. मी तिन्ही कागदावर ठेवून बघितले. एकाचे स्क्रू लावायचे कान रुंद, एक भलताच मोठा. तिसरा, सगळ्यात छोटा, जवळजवळ बसला. "हा मोटारसायकलींना लागतो," दुकानदार म्हणाला. "तुमच्या इंजिनवर चालेल, पण तापतो हं."

तापतो तर तापू दे. यांना माहीत असणारच.

शेल्फातला द्यायचा नव्हता, नमुन्याचा होता. नवीन मागवलाय.

१७ फेब्रुवारी, रविवार

बारकीला सांगितलं. ती चाकाची हवा बघत होती.

ती म्हणाली, "आई, तो नको. मोठा घेऊ." आणि मला दोन्हींतला फरक समजावून सांगितला, चाकाशेजारी उकिडवी बसून. छोटा रेग्युलेटर जास्तीची वीज स्वतःच्या अंगात जिरवतो, म्हणून तापतो. मोठा जास्तीची वीज येऊ लागली की वाटच बंद करतो, म्हणून थंड राहतो.

मी म्हटलं, "म्हणजे एक राग गिळतो आणि दुसरा दार लावून बसतो."

बारकी इतकी हसली की तिच्या हातातला हवेचा पंप सुटला. "बरोब्बर. बाबा कुठले गं?"

"पहिल्यातले," मी म्हटलं. "उभ्या आयुष्यात एकदा आवाज चढवला असेल."

ती हसायची थांबली. मीही.

मग मी तिला भोकं दाखवली. म्हटलं, यांनी जागा ठरवून ठेवली आहे, बघ, कशी सारख्या अंतरावर पाडली आहेत. मोठा तिथे मावत नाही. म्हणजे यांच्या मनात छोटाच होता. बारकी खाली वाकून बराच वेळ भोकांकडे बघत राहिली. एका भोकात बोट घालून फिरवलं. हात पुसले.

"तू शेडवर रोज येणार आहेस ना आता?" तिने विचारलं.

"येईन की. काम संपेपर्यंत तरी."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तो बसवू."

मला वाटलं होतं वाद घालेल. बापाच्या शब्दाला मान आहे तिला, हे बघून बरं वाटलं. पण शेडमधून निघताना मनात पाल चुकचुकली. इतकं लगेच ऐकणारी ती नाही. लहानपणी स्वेटर घालायलासुद्धा कारण विचारायची.

२३ फेब्रुवारी, शनिवार

अक्काचा फोन. माझी थोरली बहीण, तिला सगळं माहीत असतं आणि जे माहीत नसतं ते तिला पटत नाही.

"ऐकलं ते खरं का? पोरीला त्या डब्यात बसवून वर पाठवणार आहेस?"

"डबा नाही, विमान आहे."

"मोटरी दुरुस्त करणाऱ्याने केलेलं विमान! अगं, तुमच्या घरातली इस्त्री मी कधी धड चाललेली बघितली नाही."

ते खरं आहे. लोकांच्या मोटरी आधी, घरची इस्त्री नंतर. मी म्हटलं, "इस्त्री माझ्याकडे होती. विमान त्यांच्याकडे होतं."

"आणि आता विमान कुणाकडे आहे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिचं तिलाच लागलं असावं. मग म्हणाली, "जेवतेस ना वेळेवर?" तिचं प्रेम असं शेवटी येतं, भांडणाच्या पिशवीत तळाशी.

दुपारभर रेग्युलेटरवरचं पुस्तक वाचत बसले. शेजारी शब्दकोश. माझं शिक्षण लवकर सुटलं, पण वाचायचं सुटलं नाही, दुकानात कॉइल गुंडाळताना एका बाजूला पुस्तक असायचं आणि हे म्हणायचे, वेढे मोजतेस की पानं? आज एक वाक्य तीनदा वाचलं: रेग्युलेटर गार वारा लागेल अशा जागी, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बसवावा. आपली भोकं पाइपच्या बरोबर वर आहेत.

खूप विचार केला. पुस्तक सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं. यांनी या एका विमानाचा विचार केला असणार. वारा कुठून येतो ते यांना ठाऊक असेल, मला नाही.

पण तेव्हापासून ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. 

१ मार्च, शुक्रवार

आला!

शेडवर नेऊन लावून बघितला. तीन भोकं जुळली. चौथं जुळेना, केसभर इकडे. कागद घासताना सरकला असणार. कानस घेतली आणि रेग्युलेटरच्या कानाचं भोक थोडं घासलं. केसभर म्हणता म्हणता बरंच घासावं लागलं. पण शेवटी स्क्रू गेला. चारही गेले. पाना फिरवत राहिले. यांनी पाडलेल्या भोकात मी स्क्रू आवळतेय, असं मनात येत होतं. जसं काही हे पलीकडून नट धरून बसलेत.

बारकी दारात उभी होती. कधी आली कळलं नाही.

"बसला बघ," मी म्हटलं.

"दिसतंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले. यांच्या आठवणीनेच, दुसरं काय.

३ मार्च, रविवार

आज जमिनीवर इंजिन चालवून बघितलं. चाकांना अडण्या लावल्या, शेपूट दोराने खांबाला बांधलं. बारकी आत, मी व्होल्टच्या काट्याकडे बघायला तिच्या शेजारच्या खुर्चीत. या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले. पंखा फिरायला लागला तेव्हा वाटलं, दातसुद्धा हलताहेत.

काटा चौदावर. उत्तम. बारकीने इंजिनाचा जोर वाढवला, तरी चौदाच. मी तिला अंगठा दाखवला. मग काही वेळाने काटा हलायला लागला. चौदावरून तेराच्या खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली. म्हाताऱ्या माणसाला झोप लागते आणि दचकून जाग येते, तसा. वास आला, दुकानात मोटर जळाली की यायचा तो. तो वास मी झोपेतही ओळखेन.

बारकीने इंजिन बंद केलं. मी उतरून रेग्युलेटरला बोट लावलं आणि ओरडले. बोटाला फोड आली आहे, त्यामुळे आज अक्षर असं.

"वायरचं टोक सैल असणार," मी म्हटलं.

"असेल," बारकी म्हणाली.

"जमिनीवर वारा कमी लागतो. वर भरपूर लागेल."

"हो."

असेल आणि हो! विमान चालवायला शिकवताना ही पोरांना एकेका गोष्टीवरून फाडून खाते म्हणतात, मी स्वतः ऐकलंय शेडच्या बाहेर उभं राहून. आणि माझ्यासमोर असेल आणि हो. म्हणजे तिला भीती वाटतेय का? की तिला वाटतंय, मला काही कळत नाही, म्हातारीला खेळू दे?

वायरची टोकं सगळी उघडून घासली. एकही सैल नव्हतं.

९ मार्च, शनिवार

आठवडाभर याच्यावरच आहे. रेग्युलेटर आणि पाइप यांच्यामध्ये एक आडवा पत्रा लावला, झळ लागू नये म्हणून. पुढच्या वाऱ्याच्या तोंडातून एक नळी आणून रेग्युलेटरवर सोडली. नळी बसवायला एक जुनं ब्रॅकेट कापावं लागलं. नळी सुटू नये म्हणून तिला तार. तार घासू नये म्हणून तिच्यावर रबर. रबर वितळू नये म्हणून आणखी एक पत्रा. एका छोट्याशा रेग्युलेटरची बडदास्त ठेवता ठेवता आता तिथे हात जायला जागा उरलेली नाही.

पुन्हा इंजिन चालवलं. काटा फारसा हलला नाही. पण दिवस गार होता.

बारकी म्हणाली, "चालेल."

चालेल म्हणजे काय? भाजीत मीठ कमी असलं की माणूस म्हणतो, चालेल.

१२ मार्च, मंगळवार

तपासनीस येऊन गेले. त्यांच्या सहीशिवाय विमान उडवता येत नाही. बारीक, शांत माणूस, चष्मा कपाळावर, आणि तोच शोधत होते. मी सांगितलं तेव्हा हसले. पंखाला टकटक करून बघितलं, दोऱ्या ओढून बघितल्या, बऱ्याच वेळा "छान" म्हणाले. माझा ऊर भरून येत होता. मग इंजिनाकडे आले आणि वाकले. छान म्हणायचे थांबले.

"हा इथे का बसवलाय?"

मी म्हटलं, "आमच्या यांनीच भोकं पाडून ठेवली होती."

त्यांनी बारकीकडे बघितलं. बारकी विमानाच्या चाकाकडे बघत होती.

"असं करा," ते म्हणाले, "उन्हाच्या वेळी तासभर सलग जोरात चालवा आणि मला काट्याचे आकडे कळवा. मग सही."

ते गेल्यावर मी बारकीला म्हटलं, "तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"आपली बाजू!"

"कुठली, आई, आपली बाजू?" ती म्हणाली, आणि मग लगेच, "भूक लागली, चल."

ताकाला जाऊन भांडं लपवतेय ही. काहीतरी आहे जे मला सांगत नाही. या विमानाबद्दल यांनी हिला काही सांगितलं होतं का? वर न्यायचं नाहीये का हिला? नसेल न्यायचं तर मी जन्मभर आनंदात राहीन, पण तसं तोंडाने म्हणू शकत नाही. यांचा जीव होता त्या विमानात. आणि माझा जीव तिच्यात. आणि ती त्याच्यात बसणार.

१६ मार्च, शनिवार

आज जे झालं ते सरळ लिहिते.

वेल्डरभाऊजी सायलेन्सरचा सैल झालेला पट्टा आवळायला आले. यांचे सगळ्यात जुने मित्र. बोलतात मोठ्याने, कारण कायम मशीनच्या शेजारी उभे. बरेच दिवस गावाला होते, त्यामुळे माझी नळ्यांची आणि पत्र्यांची सगळी रचना त्यांनी आज पहिल्यांदा बघितली.

"वहिनी, हे काय? इंजिनाला सर्दी झाली का? केवढ्या नळ्या लावल्यात!"

मी सांगितलं, रेग्युलेटर तापतो म्हणून.

"मग तापणारच की. पाइपाच्या डोक्यावर बसवलाय. वर घ्या ना, डावीकडे. तिथे मोकळा वारा आहे."

"वर कसा घेऊ? भोकं इथे आहेत."

"कुठली भोकं?"

"यांनी पाडलेली. चार."

भाऊजी वाकले. हात घालून चाचपलं. मग उठले आणि इतक्या जोरात हसले की पत्रा वाजला. "अहो वहिनी, ती त्याने कशाला पाडलीत! तो पत्रा आम्ही बेकरीवाल्याच्या मोडक्या भट्टीचा काढून आणला. दाराचा आतला पत्रा. भट्टीला सोसतो तो इंजिनाला सोसेल, असं त्याचं गणित. ती भोकं दाराच्या मुठीची आहेत! मुठीची! तो म्हणाला होता, नंतर बुजवू. राहूनच गेलं."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"बारकीला विचारा," भाऊजी म्हणाले. "पत्रा कापताना दुसरं टोक तिनेच तर धरलं होतं. हात कापून घेतला होता त्या दिवशी, आठवत नाही का?"

आठवतंय. मी पट्टी बांधली होती. कशाने कापला, ते विचारलं नव्हतं.

भाऊजी हसायचे थांबले. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार. म्हणाले, "वहिनी, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही हो, बरं झालं सांगितलंत. पट्टा नीट आवळा." आणि बाहेर येऊन गवतावर बसले.

मूठ. भट्टीच्या दाराची मूठ. पेन्सिल घासून कागदावर उतरवली, दुकानदाराचं हसणं सहन केलं, तिच्यासाठी रेग्युलेटर कानशीने घासला, पुस्तक खोटं पाडलं. कुणा बेकरीवाल्याने पाव जळू नये म्हणून दिवसातून शंभरदा जी ओढली असेल, तिच्या भोकांत मी आमच्या यांचं मन शोधत होते.

हसू आलं. खरंच आलं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. बारकीला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आणि तरी ती त्यात बसून वर जाणार होती.

१८ मार्च, सोमवार

परवा घरी आल्यावर लिहिलं, तेव्हा बारकी यायची होती. पुढचं आज लिहिते.

ती आली तेव्हा मी भाजी चिरत होते. म्हटलं, "भट्टीची मूठ."

ती चप्पल काढता काढता थांबली. एक पाय वर.

"भाऊजी?"

"भाऊजी. तू का नाही बोललीस?"

चप्पल काढून ती माझ्यासमोर फरशीवरच बसली, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "बाबा गेल्यापासून तू सकाळी उठायचीस आणि तशीच बसून राहायचीस. तिन्हीसांजेला दिवासुद्धा मी येऊन लावायचे. आणि त्या दिवशी तू केस विंचरून, पिशवी घेऊन आपणहून शेडवर आलीस. म्हणालीस, यांनी जागा ठरवून ठेवलीय. मी काय म्हणू? आई, ती मूठ आहे?"

"हो! असंच म्हणायचं!"

"नाही जमलं."

"आणि वर गेल्यावर बंद पडलं असतं म्हणजे?"

"पडलं असतं तर उतरवलं असतं. मी धावपट्टीच्याच वर घिरट्या घालणार होते. इंजिन बंद पडल्यावर कसं उतरायचं, तेच तर शिकवते मी रोज."

माझ्या हातातली सुरी खाली आपटली. मी ओरडले. मी ओरडत नाही, मीही गिळणाऱ्यांतलीच, पण ओरडले. "माझं मन राखायला तू मरायला निघाली होतीस?"

"आणि तू?" तीही ओरडली. "तू बाबांचं मन राखायला मला पाठवत होतीस ना!"

भाजी तशीच राहिली.  मग मी विचारलं, "यांच्या मनात कुठला होता गं?"

"कुठलाच नव्हता. मी विचारलं की म्हणायचे, आईला विचारू, विजेचं तिला जास्त कळतं."

मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "खरं सांगतेस, की पुन्हा मन राखतेस?"

ती उठली आणि सुरी उचलून भाजी चिरायला लागली. "बारीक चिरू की मोठी?" म्हणाली.

मी पुन्हा विचारलं नाही. मला भीती अजून वाटते. ती वर जाईल त्या दिवशी मी कुठे उभी राहणार आहे, डोळे उघडे ठेवणार आहे की मिटणार, काही माहीत नाही. ती उतरेपर्यंत माझ्यात श्वास राहील का तेही माहीत नाही. पण ही भीती निदान खरी आहे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी पाण्याची मोटर बंद केली, दुधाखालचा गॅस बारीक केला आणि दूध वर आल्यावर बंद केला. दुकानदाराला घरी फोन करून मोठा रेग्युलेटर मागवला. माझ्या पुस्तकात त्याचं माप छापलेलं आहे. मग शेडवर गेले. नळ्या, तारा, रबर, दोन्ही आडवे पत्रे आणि छोटा रेग्युलेटर काढून टाकला. मुठीची चारही भोकं पोलादी रिव्हेट मारून बुजवली आणि वरून भट्टीला लावतात तो मसाला भरला. दाराशेजारच्या खिळ्याला स्केल होती, जिथे असते तिथे. ती घेतली, पत्र्यावर वर डावीकडे, वाऱ्याच्या जागी, माप घेऊन खुणा केल्या आणि नवीन भोकं पाडली.